जुना गेम कन्सोल मध्येच अडकतो : तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

दुसरा_डाव (धागाकर्ता)

माझ्याकडे सुमारे सोळा वर्षे जुना गेम कन्सोल आहे. त्यात डिस्क चालते आणि आत अडीच इंची हार्ड डिस्कही आहे. मधली चार वर्षे तो कपाटात बंद होता. दोन महिन्यांपूर्वी बाहेर काढल्यापासून तो खेळाच्या मध्येच अडकतो. चित्र आहे तिथे थांबते, त्या क्षणी जो सूर वाजत असेल तोच अखंड घरघरत राहतो, कंट्रोलरवरचा दिवा लागलेला असतो पण एकही बटण काम करत नाही, आणि शेवटी चालू-बंद करण्याचे बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय सुटका होत नाही. धोक्याचा कोणताही दिवा लागत नाही आणि पडद्यावर एरर कोडही येत नाही.

कन्सोलचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की त्या नावाला वर्षानुवर्षे चिकटलेला एक ठरीव उपाय लगेच सांगितला जातो आणि लक्षणांकडे कोणी पाहत नाही, असा माझा यापूर्वीचा अनुभव आहे. आतापर्यंत मी बाहेरच्या जाळ्यांवरची धूळ काढली आहे, डिस्क पुसल्या आहेत, कन्सोल आडवा आणि उभा असा दोन्ही प्रकारे ठेवून पाहिला आहे. स्क्रू मात्र एकही काढलेला नाही. पुढची तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

पंखा_फुल

थर्मल पेस्ट बदला, एवढेच पुरे आहे. चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) हे दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसत असले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी असतात, त्या फटींत हवा राहिली तर उष्णता वाहून जात नाही, म्हणून मध्ये पेस्ट भरलेली असते. सोळा वर्षांत त्या पेस्टमधले तेल वेगळे होऊन निघून जाते आणि मागे खडूसारखी कोरडी भुकटी उरते. मग चिप तापते आणि कन्सोल अडकतो. कन्सोल उघडा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, नवी लावा आणि पंख्यातली धूळ काढा. धूळ काढताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने पंखा मर्यादेपेक्षा जोरात फिरून बेअरिंग खराब होते. मी स्वतः तीन कन्सोल याच उपायाने जिवंत केले आहेत.

नोंदवही

पंखा_फुल यांनी सांगितलेली कृती बरोबर आहे, परंतु ती या कन्सोलला लागू आहे हे अजून ठरलेले नाही, म्हणून धागाकर्त्यांना विनंती की त्यांनी अजून काही दिवस स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नये.

अडकणे हे केवळ लक्षण आहे. तापलेली चिप, खराब झालेला पॉवर सप्लाय, मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्क, ओरखडे पडलेली गेम डिस्क, मेमरीतला दोष, एखाद्या गेममधलीच चूक, यांपैकी कशानेही चित्र थांबते आणि सूर घरघरतो. ही घरघरसुद्धा फारसे काही सांगत नाही. आवाजाची जी छोटी तुकडी शेवटची भरली गेली तीच पुन्हा पुन्हा वाजत राहते, कारण नवी तुकडी भरणारा प्रोसेसर थांबलेला असतो. या कारणांमध्ये फरक दाखवणारी सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे वेळ. उष्णतेचा दोष असेल तर कन्सोल सुरू केल्यावर काही वेळाने अडकतो, लगेच पुन्हा सुरू केल्यास आणखी लवकर अडकतो, आणि पंख्याचा आवाज त्याआधी चढलेला असतो. शिवाय बहुतेक कन्सोलमध्ये तापमान मर्यादेबाहेर गेले की वीज तोडणारी संरक्षक व्यवस्था असते, त्यामुळे निव्वळ उष्णतेने कन्सोल अडकण्याऐवजी बंद पडण्याची शक्यता अधिक असते. डिस्कचा दोष असेल तर घड्याळापेक्षा खेळातली जागा महत्त्वाची ठरते, कारण तो ठरावीक प्रसंगापाशीच अडकतो.

म्हणून दोन आठवडे पुढील नोंद ठेवावी. सुरू करण्यापूर्वी कन्सोल किती तास बंद होता, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी अडकला, त्या वेळी खेळात काय चालले होते, डिस्क फिरत होती की नव्हती, पंख्याचा आवाज कसा होता, आणि लगेच पुन्हा सुरू केल्यावर काय झाले. एकदा तरी डिस्क न घालता नुसता मुख्य मेनू उघडा ठेवून पाहावे.

फुंकर

मी कार्ट्रिजच्या, म्हणजे खेळ साठवलेल्या प्लास्टिकच्या डबीच्या काळातला माणूस. आमच्या वेळी कार्ट्रिज काढायचे, फुंकर मारायची, पुन्हा बसवायचे आणि खेळ सुरू, एवढेच तंत्रज्ञान होते. पुढे कळले की गुण फुंकरीत नव्हताच. काढून पुन्हा बसवल्याने संपर्काच्या पट्ट्या घासल्या जात होत्या आणि श्वासातल्या ओलाव्याने उलट त्यांना गंज चढत होता. निन्टेन्डोच्या १९८५ साली अमेरिकेत आलेल्या कन्सोलमध्ये कार्ट्रिज समोरून सरकवून खाली दाबावे लागे, त्याचा ७२ पिनांचा कनेक्टर सैल पडला की आतल्या, कार्ट्रिज अधिकृत आहे का ते तपासणाऱ्या कुलूप-चिपचे संभाषण तुटे आणि ती चिप दर सेकंदाला कन्सोल रीसेट करत राही. पडदा लुकलुकण्याचे खरे कारण ते होते. अडकण्याचा आजार त्याहूनही जुना आहे. त्याच कंपनीचा १९८३ साली जपानमध्ये आलेला कन्सोल सदोष चिपमुळे अडकत असे आणि कंपनीला विकलेला माल परत बोलावून मदरबोर्ड बदलून द्यावे लागले होते.

विषयांतराबद्दल क्षमस्व. सांगायचे एवढेच की "काढून पुन्हा बसवल्यावर चालले" हा पुरावा फसवा असतो.

दुसरा_डाव (धागाकर्ता)

दोन आठवड्यांची नोंद पूर्ण झाली आहे आणि तिने माझाच अंदाज चुकवला आहे.

रात्रभर, म्हणजे निदान आठ तास बंद असलेला कन्सोल मी नऊ वेळा सुरू केला. त्यांपैकी सात वेळा तो अडकला, आणि सातही वेळा सुरू केल्यापासून चौथ्या ते पंधराव्या मिनिटांच्या दरम्यान. त्या वेळी पंखा अगदी हळू फिरत होता आणि मागच्या जाळीतून येणारी हवा जेमतेम कोमट होती. सातांपैकी एकदा मी डिस्क न घालता केवळ मेनू उघडा ठेवला होता, तरीही तो अडकला. लगेच पुन्हा सुरू केल्यावर दोन वेळा तो आणखी एकदा अडकला, पाच वेळा अडकला नाही, आणि एकदा वीस-पंचवीस मिनिटे पार पडली की पुढे दोन-तीन तास बिनघोर चालला.

मात्र दोन नोंदी या चौकटीत बसत नाहीत. एकदा ८५ व्या आणि एकदा ११० व्या मिनिटाला, म्हणजे कन्सोल पूर्ण गरम असताना, तो अडकला. दोन्ही वेळा नवा टप्पा लोड होत होता, आणि दुसऱ्या वेळी आतून घड्याळासारखा बारीक टिकटिक आवाज येत होता. पहिल्या वेळी माझे लक्ष नव्हते.

पंखा_फुल

थंड असताना अडकतो आणि गरम झाल्यावर चालतो, हे वाचून मी माझा पहिला अंदाज मागे घेतो. पेस्टचा दोष याच्या नेमका उलटा वागतो.

आता मला सोल्डरमधल्या, म्हणजे चिप बोर्डाला जोडणाऱ्या डाखातल्या तड्याची शंका येते. चिप आणि बोर्ड हे तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, प्रत्येक वेळी कन्सोल तापून थंड झाला की त्या सांध्यांवर ताण येतो, आणि हजारो वेळा असे झाले की बारीक तडा जातो. थंड असताना तड्याची फट उघडी राहते आणि तापल्यावर मिटते. युरोपीय संघात १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत शिसे वापरण्यावर निर्बंध आले, त्यामुळे त्या सुमारास सगळ्या उद्योगाला शिशाविना सोल्डर वापरायला शिकावे लागले. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलवर बिघाड झाला की लागणारे तीन लाल दिवे तर सर्वांना ठाऊक आहेत. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या दोषासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरपेक्षा अधिक रक्कम बाजूला काढली.

पूर्वी लोक असा बोर्ड केस वाळवण्याच्या यंत्राने तापवत किंवा कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून चालू ठेवत. मी तसे करायला सांगत नाही, पण तापवल्यावर तो काही दिवस चालायचा, हे खरे आहे.

डाखकाम

मी या धाग्यात उशिरा येत आहे, परंतु नोंद वाचल्यावर राहवले नाही. सात वेळा थंड, सातही वेळा पहिल्या पंधरा मिनिटांत आणि त्यातही एकदा रिकाम्या मेनूवर, एवढी स्वच्छ नोंद क्वचितच मिळते.

पंखा_फुल यांची तड्याची शंका नाकारता येत नाही, पण टॉवेल आणि गरम हवेच्या गोष्टीतून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. शिशाविना सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळते, शिशाचे जुने सोल्डर १८३ अंशांना वितळत असे. केस वाळवण्याच्या यंत्राने बोर्ड तिथवर तापत नाही, टॉवेलने तर नाहीच. म्हणजे तापवल्याने कन्सोल चालला असेल तर सोल्डर पुन्हा वितळून सांधा जुळला, हे त्याचे कारण असूच शकत नाही. तीन लाल दिव्यांबाबतही कंपनीच्या लोकांनी २०२१ मध्ये जे सांगितले ते असे की तडे मदरबोर्डवरच्या सांध्यांना नसून चिपच्या आवरणाच्या आतल्या जोडण्यांना जात होते. त्या जोडण्यांपर्यंत घरगुती उपाय पोहोचत नाही.

गरम झाल्यावर बरी वागणारी आणखी एक वस्तू प्रत्येक जुन्या कन्सोलमध्ये असते, आणि तिच्याकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते. ती म्हणजे पॉवर सप्लायमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या आत द्रवाने भिजलेला कागद असतो. वर्षांनुवर्षे तो द्रव रबरी बुचातून अत्यंत सावकाश उडून जातो आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढत जातो. हा रोध तापमानावर अवलंबून असतो. थंड असताना द्रवातून वीज कमी सहजतेने वाहते, म्हणून रोध अधिक असतो, आणि तापमान वाढले की तो उतरतो. निरोगी कपॅसिटरमध्ये या चढउताराने काही बिघडत नाही, कारण सुरुवातीलाच भरपूर सवड राखलेली असते. म्हाताऱ्या कपॅसिटरमध्ये ती सवड संपलेली असते, त्यामुळे पहिली दहा मिनिटे तो मर्यादेबाहेर राहतो आणि ऊब आल्यावर जेमतेम आत येतो.

याचा अडकण्याशी संबंध असा. प्रोसेसरला लागणारा विजेचा प्रवाह एकसारखा नसतो, दृश्यात गर्दी झाली की तो एकदम वाढतो. त्या क्षणी विजेचा दाब (व्होल्टेज) स्थिर ठेवणे हे कपॅसिटरचे काम आहे. त्याचा रोध वाढला असेल तर दाबात लाटा उठतात आणि क्षणभर खड्डा पडतो. तो खड्डा इतका लहान असतो की कन्सोल बंद पडत नाही आणि कोणताही दिवा लागत नाही, पण एखादा बिट चुकीचा वाचला जातो आणि कार्यक्रम भलत्याच वाटेला जाऊन थांबतो. साध्या मल्टिमीटरवर ही लाट दिसत नाही, कारण तो सरासरी दाखवतो आणि सरासरी अगदी बरोबर असते. कितीतरी जण "१२ व्होल्ट बरोबर येत आहेत" एवढे पाहून पॉवर सप्लायला निर्दोष ठरवतात.

चार वर्षे कपाटात राहण्याचाही इथे थोडा हात असावा. वीज न मिळाल्यास कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पातळ थर झिजतो आणि गळती वाढते. पुन्हा दाब मिळाल्यावर तो बराचसा भरून येतो, मात्र उडून गेलेला द्रव परत येत नाही.

धागाकर्त्यांच्या कन्सोलमध्ये पॉवर सप्लाय सुटा, धातूच्या पेटीत बंद असा असेल (वर्णनावरून नाव मी ओळखले आहे, पण धाग्याचा नियम पाळतो), तर ती पेटी न उघडता संपूर्ण बदलून पाहावी. पेटी स्वतः उघडू नये. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब असू शकतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो.

नोंदवही

डाखकाम यांच्या सूचनेला माझी एक पुरवणी आहे. दुसरा पॉवर सप्लाय लावल्यावर कन्सोल नीट चालला, तरी तिथे थांबू नये. जुना पुन्हा लावावा आणि दोष परत येतो का ते पाहावे. वर फुंकर यांनी विषयांतर म्हणून जे लिहिले तेच इथे लागू आहे. पेटी बदलताना कनेक्टर आपोआप काढून पुन्हा बसवला जातो, आणि दोष सैल कनेक्टरमध्ये असेल तर नवी पेटी निष्कारण श्रेय घेऊन जाईल.

त्या दोन गरम नोंदी याच गोष्टीत ओढून-ताणून बसवू नयेत, अशीही विनंती आहे. एका कन्सोलला एकच आजार असावा असा काही नियम नाही.

पंखा_फुल

चालू झालेल्या यंत्रात खराब भाग पुन्हा बसवायचा, हे माझ्या हातून कधीच झाले नसते. तरी युक्तिवाद मान्य आहे.

फिरती_तबकडी

गरम नोंदींबद्दल मी लिहितो. टप्पा लोड होताना अडकणे आणि त्याच वेळी टिकटिक येणे, याचा अर्थ हार्ड डिस्कला एखादा भाग वाचता येत नाही आणि तिचे वाचनशीर्ष पुन्हा पुन्हा मागे येऊन प्रयत्न करत आहे, असा बहुधा असतो. पडताळणी सोपी आहे. हार्ड डिस्क काढून सॅटा-यूएसबी अडॅप्टरने संगणकाला जोडा आणि तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, वाचा. त्यात दोन आकडे पाहायचे. एक, आजवर किती खराब सेक्टरांच्या (डिस्कवरच्या माहितीच्या लहान कप्प्यांच्या) जागी राखीव सेक्टर वापरले गेले, आणि दोन, किती सेक्टर वाचता न आल्याने निर्णयाची वाट पाहत आहेत. दुसरा आकडा शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नये.

यात एक मोठा धोका आहे. कन्सोलची हार्ड डिस्क कूटबद्ध किंवा वेगळ्या मांडणीची असते, त्यामुळे संगणकाला ती कोरी वाटते आणि तो ती फॉरमॅट करण्याची परवानगी मागतो. ती देऊ नये, नाहीतर वर्षानुवर्षांचे सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) एका क्लिकमध्ये जातील. खरे तर डिस्क काढण्यापूर्वीच सेव्ह पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. काही गेम आपले सेव्ह कॉपी करू देत नाहीत, त्यांच्यासाठी कन्सोलच्या संपूर्ण बॅकअपची सोय आहे का ते सेटिंगमध्ये पाहावे.

मीही_अडकलो

माझा कन्सोलही अडकतो, पण एकाच गेममध्ये आणि नेहमी एकाच चित्रफितीच्या सुरुवातीला. बाकीचे गेम व्यवस्थित चालतात. मलाही पॉवर सप्लाय बदलावा लागेल का?

फिरती_तबकडी

नाही. एकच गेम आणि एकच जागा असेल तर आधी ती डिस्क पाहावी. दिव्याखाली तिरकी धरून ओरखडे कोणत्या दिशेचे आहेत ते पाहा. केंद्राकडून कडेकडे जाणारा ओरखडा दिसायला भयंकर असला तरी प्रत्येक फेरीत माहितीचा अगदी लहान तुकडा खातो, आणि डिस्कवरची त्रुटी-सुधारणा तो भरून काढते. कडेला समांतर, गोलाकार गेलेला ओरखडा मात्र सलग मोठा भाग पुसतो आणि तिथे सुधारणा हतबल होते. म्हणूनच डिस्क पुसताना मऊ कापड मध्यापासून बाहेरच्या दिशेने सरळ फिरवावे, गोल गोल कधीच फिरवू नये.

घासून ओरखडे काढण्याचा विचार असेल तर डिस्कचा प्रकार लक्षात घ्यावा. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे थोडे घासण्यास वाव असतो. ब्लू-रेमध्ये तो फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो आणि वर कठीण लेप दिलेला असतो, म्हणून ती घासू नये. दुसऱ्या कोणाची तीच डिस्क मिळाली आणि ती त्या जागी चालली, तर प्रश्न तिथेच मिटला. तीही तिथेच अडकली, तर मग लेन्स पुसण्याकडे वळावे.

दुसरा_डाव (धागाकर्ता)

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. मध्ये पाच आठवडे गेले, कारण प्रत्येक चाचणीसाठी कन्सोल रात्रभर थंड व्हावा लागे आणि एका दिवसात एकच नोंद मिळे.

एका नातेवाइकांकडे याच मॉडेलचा, डिस्क वाचत नसल्यामुळे पडून राहिलेला कन्सोल होता. त्यातली पॉवर सप्लायची पेटी मी उसनी आणली. ती लावून रात्रभर थंड ठेवलेला कन्सोल दहा वेळा सुरू केला आणि तो पहिल्या तासात एकदाही अडकला नाही. नंतर नोंदवही यांच्या सांगण्याप्रमाणे, मनाविरुद्ध, माझी जुनी पेटी पुन्हा बसवली. चार थंड सुरुवातींपैकी तीन वेळा कन्सोल अडकला, तिसऱ्यांदा तर पाचव्याच मिनिटाला. पुन्हा उसनी पेटी बसवली आणि पुन्हा सगळे शांत झाले. आता कनेक्टरवर संशय घेण्यास जागा उरली नाही.

जुनी पेटी मी इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्या जाणकारांकडे दिली. त्यांनी ती उघडून दाखवली तेव्हा मी थोडा निराश झालो, कारण एकही कपॅसिटर फुगलेला नव्हता किंवा गळालेला नव्हता. मात्र अंतर्गत रोध मोजणारे मीटर लावल्यावर कन्सोलच्या बाजूचे दाब सांभाळणाऱ्या कपॅसिटरांपैकी तीन वाईट निघाले. धारकता (वीज साठवण्याची क्षमता) जवळजवळ योग्य होती आणि रोध कित्येक पट वाढलेला होता.

डाखकाम

हेच अपेक्षित होते. फुगलेला कपॅसिटर खराब असतो हे खरे, परंतु न फुगलेला चांगला असतो हे खरे नाही. ज्यांना सोल्डरिंग येते आणि ज्यांच्याकडे असेच काम आहे त्यांच्यासाठी थोडे लिहून ठेवतो. नवा कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसचा आणि कमी अंतर्गत रोधाचा म्हणून विकला जाणाराच घ्यावा, साधा घेतला तर महिन्याभरात तीच रड सुरू होईल. धारकता मूळ आकड्याइतकीच असावी, व्होल्टची मर्यादा मूळइतकी किंवा अधिक असावी, कमी कधीही नसावी. व्यास आणि उंची पेटीत मावते का ते मोजूनच घ्यावे, कारण झाकण बसत नाही हे शेवटी लक्षात येण्याचा अनुभव मी एकदा घेतला आहे. अंगावरची उभी पट्टी ऋण टोकाची असते. आयुष्याच्या तासांचा आकडाही पाहावा. २,००० तासांचा आणि ५,००० तासांचा असे दोन्ही सारखेच दिसतात. तो आकडा कमाल तापमानाचा असतो आणि तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, म्हणून पंख्याची धूळ काढणे हे पॉवर सप्लायच्याही फायद्याचे आहे. यात पंखा_फुल यांचा सल्ला वाया गेलेला नाही.

फुंकर

ज्यांच्याकडे २००१ चा पहिला एक्सबॉक्स कपाटात पडून आहे त्यांनी मात्र अडकण्याची वाट पाहू नये. त्यात घड्याळ चालवण्यासाठी एक मोठा कपॅसिटर असतो, तो न वापरताही गळतो आणि मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खातो. अगदी शेवटची आवृत्ती सोडल्यास तो काढून टाकणेच योग्य. काढला तरी कन्सोल चालतो, वेळ तेवढी लक्षात राहत नाही.

दुसरा_डाव (धागाकर्ता)

शेवटची माहिती देतो. हार्ड डिस्क काढण्यापूर्वी सर्व सेव्ह पेन ड्राइव्हवर घेतले. दोन गेमनी परवानगी दिली नाही म्हणून संपूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतला, आणि तो अर्ध्यावर दोनदा थांबून तिसऱ्यांदा पूर्ण झाला, यावरूनच काय ते समजले. स्मार्ट माहितीत राखीव जागेवर हलवलेले सेक्टर ११२ आणि वाट पाहणारे ३८ निघाले. संगणकाने फॉरमॅटची परवानगी मागितली तेव्हा फिरती_तबकडी यांची आठवण झाली.

तिच्या जागी ९.५ मिलिमीटर जाडीची नवी डिस्क बसवली, कन्सोलची प्रणाली फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरून पुन्हा घातली आणि बॅकअप उतरवला. एक सेव्ह खराब झालेला निघाला. दुर्दैवाने तो सर्वांत लांब खेळाचा होता. दुरुस्त केलेली पॉवर सप्लायची पेटी बसवल्यानंतर आजवर २३ थंड सुरुवाती झाल्या आहेत आणि सर्वांत लांब बैठक साडेतीन तासांची होती. एकदाही अडकला नाही. उसनी पेटी परत केली आहे.

कन्सोल उघडलेलाच होता म्हणून थर्मल पेस्टही बदलली. जुनी पेस्ट खरोखरच खडूसारखी झाली होती आणि नखाने खरवडताच गळून पडली. पंख्याचा आवाज आता निम्माही राहिलेला नाही. हे काम मी अडकणे पूर्ण थांबल्यावरच केले, त्यामुळे त्याचे श्रेय पेस्टला देता येणार नाही, आवाजाचे मात्र पूर्णपणे देता येईल.

पंखा_फुल

आवाजाचे श्रेय स्वीकारतो. घड्याळ बरोबर चालते का? सोळा वर्षांत आतली नाण्यासारखी बॅटरीही संपली असेल.

दुसरा_डाव (धागाकर्ता)

नाही, प्लग काढला की तारीख दरवेळी मागे जाते, मी ते नोंदीत लिहायचेच विसरलो होतो. सीआर२०३२ बॅटरी आणून ठेवली आहे. ती बदलण्यासाठी मदरबोर्ड पुन्हा बाहेर काढावा लागेल, म्हणून सध्या हाताने तारीख घालूनच खेळतो आहे. हरवलेल्या सेव्हचा पहिला टप्पा काल रात्री पुन्हा पार केला.